कुत्रा अंगावर धावून आला तर पळावं की थांबावं? आणि चावलाच तर काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की डिलिव्हरीचं काम नव्याने धरलंय, रात्री उशिरापर्यंत गाडीवर फिरावं लागतं आणि ठरावीक गल्ल्यांत कुत्री मागे लागतात. मी वीजमीटरचं रीडिंग घेतो. काम दिवसाचं असलं तरी रोज परक्या फाटकांतून आत शिरायचं, त्यामुळे भटकी आणि पाळलेली, दोन्हींची चांगली ओळख झाली आहे. मालकांचीही.

पळू नका, हे सगळेच सांगतात. पण न पळता करायचं काय, हे फारसं कुणी सांगत नाही. आधी हे लक्षात घ्या की गल्लीतल्या कुत्र्याला बहुतेक वेळा तुम्ही त्याच्या हद्दीतून बाहेर जायला हवे असता. तुम्ही धावलात की तो पाठलाग करणारच, आणि धावण्यात आपण त्याला हरवू शकत नाही. म्हणून जागच्या जागी थांबा. त्याच्याकडे अंग थोडं तिरकं ठेवा, हात अंगालगत, नजर त्याच्या पायांवर. डोळ्यांत डोळे घालून बघणं त्याला आव्हान वाटतं. त्याचा जोर जरा ओसरला की पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे घ्या. त्याची हद्द संपली की तो तिथेच थांबून भुंकत राहतो.

दगड उचलल्यासारखं वाकलं की आपल्याकडची भटकी कुत्री बहुधा मागे सरतात, पण ती लांब असतानाच वाका. जवळ आल्यावर वाकलात तर तोंड आणि गळा आयता त्याच्यासमोर येतो. आणि खरा दगड मारू नका, उद्या पार्सल घेऊन पुन्हा त्याच गल्लीत तुम्हालाच जायचंय. बंगल्यातल्या लाडावलेल्या कुत्र्याला दगडाची भाषा कळतही नाही.

गाडीवर असताना चावण्यापेक्षा पडण्याची भीती जास्त. कुत्रा दिसला की लोक वेग वाढवतात, पाय वर घेतात, मागे वळून बघतात आणि खड्ड्यात नाहीतर समोरच्या गाडीवर जातात. वेग हळूहळू कमी करा. फारच अंगावर आला तर गाडी थांबवून त्याच्या विरुद्ध बाजूला उतरा, म्हणजे मध्ये गाडी राहते. चाकं थांबली की निम्म्या कुत्र्यांचा उत्साह तिथेच संपतो. ‘चल, घरी जा’ असं खालच्या, ठाम आवाजात म्हटलेलंही चालतं. किंचाळू मात्र नका.

लांबून भुंकणाऱ्याला मी फारसा भीत नाही. न भुंकता, अंग ताठ करून, मानेवरचे केस उभे करून एकटक बघत येणारा असला की मी रस्ता बदलतो. शेपटी हलतेय म्हणजे प्रेमात आलाय असंही समजू नका; शेपटी वर ताठ आणि नुसतं टोक हलत असेल तर तो तापलेला असतो. भाद्रपदात कुत्र्यांच्या टोळ्या जमतात तेव्हा एका कुत्रीमागच्या घोळक्यातून वाट काढू नका. पुढे दोनेक महिन्यांत पिल्लं होतात. एरवी गरीब असणारी कुत्री तेव्हा पिल्लांजवळ कुणाला फिरकू देत नाही. अशा जागा हेरून ठेवा.

पाळलेल्या कुत्र्याच्या घरी आधी फाटक वाजवायचं आणि ‘कुत्रा बांधा’ म्हणून थांबायचं. ‘काही करत नाही हो तो’ हे वाक्य मी रोज ऐकतो. मालकाला काही करत नसेल, मला करणार नाही याची हमी कोण देणार? तुमच्या कामात तर सोपं आहे: फोन करा, ग्राहकाला फाटकापर्यंत येऊ द्या.

तरीही झेपावलाच, तर तुमच्या आणि त्याच्या तोंडाच्या मध्ये काहीतरी घाला. बॅग, हेल्मेट, छत्री, हातात येईल ते. त्याला ते चावू द्या. दोन-तीन कुत्री असतील तर भिंतीला पाठ लावा, म्हणजे मागून येता येत नाही. हात किंवा पाय धरलाच तर हिसका मारू नका, मांस फाटतं. बॅग तोंडावर रेटा, ओरडून माणसं बोलवा. खाली पडलात तर पोटावर वळून गोळा व्हा, मुठी मिटून मान आणि कान झाका.

आता चावल्यावर. अंगावरचं रक्त बघून लोक आधी हळद शोधतात. हळद, चुना, तिखट यातलं काहीही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची, घड्याळ लावून. रेबीजचा विषाणू लाळेतून जखमेत उतरतो आणि तो तिथेच धुऊन काढणं हा पहिला उपाय आहे. मग त्याच दिवशी दवाखाना. नुसता ओरखडा असला तरी जायचं. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत भरायचं सिरमही लागतं, ते आवर्जून विचारा. लस सरकारी दवाखान्यात मोफत असते. सिरम छोट्या केंद्रात नसेल तर मोठ्या सरकारी रुग्णालयात पाठवतात. टाके शक्यतो लगेच घालत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन लागेल का तेही विचारा.

पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती काढून टाका, ती जुनी लस केव्हाच बंद झाली. आता दंडावर घेतात. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. त्वचेत दिली तर ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी. पहिलं इंजेक्शन घेतलं तो दिवस शून्य. बरं वाटतंय म्हणून मधले डोस सोडणारे मी पाहिलेत. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की उपचार जवळजवळ नाहीच, म्हणून तारखा चुकवायच्या नाहीत. कुत्रा ओळखीचा असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवतात, पण त्यासाठी लस थांबवून ठेवायची नाही.

पाळलेला कुत्रा मालकाच्या निष्काळजीपणामुळे चावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली पोलिसांत तक्रार करता येते. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. भटक्यांसाठी पालिकेत नसबंदी आणि लसीकरणाची मागणी करा. कानाला खाच दिसली तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते.

तुमचं काम रोजचंच आहे, तर चावण्याआधीच लस घेऊन ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. ती पूर्ण घेतलेली असली तर पुढे कधी चावल्यावर सिरम लागत नाही, शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशीचे दोन डोस पुरतात. जखम धुवायची मात्र तेव्हाही.