आधी मोज, मग ॲलन की फिरव

प्रिय दोस्ता,

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. स्टीलच्या तारांची जुनी अकूस्टिक गिटार हाती आली आहे, पहिल्या चार-पाच फ्रेटवर (म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) जाड तार झणझणते आणि ‘नेकमधला, म्हणजे त्या मानेतला, स्क्रू घट्ट पिळ, ठीक होईल’ असं तुला कुणीतरी सांगितलंय. अजून पिळला नसशील तर थांब. त्या स्क्रूला ट्रस रॉडचा नट म्हणतात; ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आत तिचा बाक सांभाळणारी धातूची दांडी. त्याचं काम आहेच, पण त्याची पाळी तिसरी. आधी तारा, मग हवेतला ओलावा, मग नेक, मग ब्रिजवरचं सॅडल (तारा खाली जिथे अडकवतात त्या ठोकळ्यावरची, त्या टेकतात ती पट्टी) आणि सगळ्यात शेवटी वरच्या टोकाचं नट (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी, रॉडच्या नटाहून वेगळी), हा क्रम सोडू नकोस. पहिल्या तीन ठिकाणी काही चुकलं तर उलटं फिरवून पूर्वस्थितीला येता येतं. सॅडल आणि नट एकदा घासलं की घासलं. शिवाय ओलावा बदलला की नेक हलते आणि नेक हलली की तारांची उंची बदलते. म्हणून आधीचं नीट नसताना पुढचं घेतलेलं माप निरुपयोगी ठरतं.

तारांपासून सुरू कर. गिटार जुनी आहे, म्हणजे तारा कधीच्या आहेत ते कुणालाच माहीत नसणार. तारेच्या खालच्या बाजूने नख फिरवून बघ. फ्रेट लागतात तिथे खाचा जाणवल्या किंवा गंज खरखरला तर ती तार आणि तिच्यावर घेतलेली सगळी मापं बाद. ‘लाइट’ नावाने मिळणारा ०.०१२ ते ०.०५३ इंचांचा संच घे. सुरात लावल्यावर त्या सहा तारा मिळून नेकवर साधारण ७० ते ७५ किलोंचा ताण पडतो. याहून जाड किंवा बारीक संच लावलास तर हा ताण बदलतो आणि नेकचं माप पुन्हा घ्यावं लागतं, तेव्हा एक संच ठरव आणि त्यावरच राहा. आणखी एक खात्री आधी करून घे. रुंद नेक, नायलॉनच्या तारा आणि ब्रिजला गाठ मारून बांधलेली टोकं असतील तर ती क्लासिकल गिटार आहे. तिला स्टीलच्या तारा कधीही लावू नयेत. ती याच्या साधारण निम्म्या ताणासाठी बांधलेली असते. ब्रिज उखडतो, वरची फळी फुगते.

तार बदलताना ताणलेली तार कापायची नाही, आधी पूर्ण सैल करायची. ब्रिजमधली पिन पकडीने ओढलीस तर तिच्यावर वळ उठतात. तार गुंडाळायच्या हँडलला जी खाच असते तिने पिन उचल, नाहीतर मधल्या भोकातून हात घालून आतून वर ढकल. नवी तार घालताना बहुतेकांची गडबड होते ती अशी: तारेच्या टोकाची गोळी पिनच्या खालच्या टोकावर अडकते, ताण येताच पिन टुणकन बाहेर उडते. गोळी फळीच्या आतल्या पट्टीला टेकलेली हवी. त्यासाठी गोळीजवळ तार किंचित वाकव, भोकात सोड, पिनची खाच नेककडे करून पिन बसव आणि अंगठ्याने पिन दाबून धरत दुसऱ्या हाताने तार वर ओढ. आत ‘टक’ असं लागलं की गोळी जागेवर बसली.

वरच्या खुंटीत तार ओवल्यावर ताठ ओढ आणि मग जाड तारेसाठी सुमारे ५ सेंटिमीटर, बारीक तारेसाठी ७ सेंटिमीटर ढील मागे सोड. जाड तारेचे दोन-अडीच, बारीक तारेचे तीन-चार वेढे बसतात. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या खाली यायला हवा. असे वेढे उतरत गेले की तार नटवर नीट दाबून बसते. वर चढले तर मोकळी तार नटमध्ये सैल राहून किणकिणते. तीन-तीन खुंट्यांच्या डोक्यावर सगळ्या तारा खुंट्यांच्या आतल्या बाजूने जातात. सुरात आल्यावर बाराव्या फ्रेटजवळ तार हलकेच सेंटिमीटरभर उचल, सोड, पुन्हा लाव. असं तीन-चारदा केलंस की नवी तार उतरायची थांबते. जास्तीचं टोक त्यानंतरच काप.

सूर लावताना नेहमी खालून वर ये. खुंटीच्या दातांत थोडी पोकळी असते. वरून खाली आलास तर ती पोकळी सैल राहते आणि दोन गाण्यांत तार उतरते. सूर चढून गेला तर मुद्दाम खाली उतरव आणि परत वर आण. खुंटी फिरवूनही सूर हलत नाही आणि मग एकदम ‘टिंग’ करून उडी मारतो, असं झालं तर तार नटच्या खाचेत अडकतेय. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घास, तेवढ्याने भागतं.

आता हवा. बहुतेक घरांत हाच भाग कुणी बघत नाही, आणि सगळ्यात महाग नुकसान इथेच होतं. गिटारची वरची फळी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची असते. लाकूड हवेतलं पाणी घेतं-सोडतं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आकसतं. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता तिला मानवते. हवा कोरडी झाली की फळी आत बसते, तारा खाली येतात आणि सगळीकडे खरखर सुरू होते. फ्रेटबोर्ड (नेकवरची फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) आकसल्याने फ्रेटची टोकं करवतीसारखी हाताला लागतात. ही खूण दिसली तर पुढची पायरी फळीला चीर, एवढं लक्षात ठेव. हवा दमट झाली तर उलट होतं. ब्रिजमागची फळी पोटासारखी वर येते, तारा उंच होतात, बोटं दुखतात आणि आवाज दबतो.

म्हणून गिटारच्या पेटीत एक छोटा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचा मीटर, ठेव. त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी तो तपासून घे. एका झाकणात चमचाभर मीठ घे, त्यात ओल्या रेतीसारखं होईल इतपतच थेंबथेंब पाणी घाल आणि ते झाकण व मीटर हवाबंद पिशवीत रात्रभर ठेव. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मीटर ७० दाखवत असेल तर तो पाचने कमी सांगतोय, हे त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेव. कोरड्या दिवसांत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला ओला स्पंज घालून ती पेटीत ठेव. एक थेंबही टपकता कामा नये. दमट दिवसांत सिलिका जेलच्या, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांच्या, पुड्या. वाजवून झालं की गिटार पेटीत आणि पेटी बंद. उन्हात उभ्या गाडीत गिटार कधीही सोडू नकोस. तिथल्या उष्णतेने सरस मऊ पडतो आणि तारांचा ताण ब्रिजला उचलतो. तुझ्या गिटारच्या ब्रिजची मागची कड आत्ताच तपास. कागदाचा तुकडा कडेखाली सरकला तर तारा सैल कर आणि सरळ कारागिराकडे ने.

योग्य आर्द्रतेत आठवडाभर राहू दे, मगच नेक मोज. नेक अगदी सरळ असून चालत नाही. तार छेडली की ती मध्यावर सर्वांत जास्त हलते, तिला तिथे जागा लागते, म्हणून नेकला अगदी किंचित खोलगटपणा ठेवतात. तो मोजायची पद्धत अशी. गिटार सुरात लाव, वाजवायला घेतोस तशीच धर. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लाव. नेक जिथे गिटारच्या अंगाला मिळते त्या फ्रेटवर, बहुधा चौदाव्या, सहावी म्हणजे सर्वांत जाड तार दाब. आता तार म्हणजेच तुझी सरळ पट्टी झाली. सातव्या फ्रेटचा माथा आणि तारेचा तळ यांच्यामध्ये फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं मापक) पाती सरकवून बघ. ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर फट असेल तर ट्रस रॉडला हात लावायचं कारणच नाही.

फट ०.३ च्या पुढे असेल तर ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली) घड्याळाच्या दिशेने फिरवायची, नेक सरळ होते. फट नसेलच, तार फ्रेटला टेकलेली असेल, तर उलट दिशेने सैल करायचं. आता तुझ्या तक्रारीकडे बघ. पहिल्या चार-पाच फ्रेटवरच झणझण होते, वर होत नाही. हे बहुतेकदा नेक जास्त सरळ झाल्याचं किंवा मागे झुकल्याचं लक्षण असतं. म्हणजे तुला मिळालेला ‘घट्ट पिळ’ हा सल्ला अगदी उलट्या दिशेचा असण्याची शक्यता आहे. घट्ट केलंस तर खरखर वाढेल, मग तू आणखी पिळशील, आणि रॉडच्या नटची धार जाईल.

रॉडचं टोक मधल्या भोकातून आत फ्रेटबोर्डखाली किंवा डोक्यावरच्या छोट्या झाकणाखाली सापडेल. ॲलन की बहुतेक वेळा ४ किंवा ५ मिलिमीटरची लागते, पण काही गिटारींना इंचाची चालते. ती पूर्ण आत, न डगमगता बसली पाहिजे. एका वेळी फेरीचा आठवा भाग फिरव, जास्त नाही. पुन्हा सूर लाव, थोडा वेळ थांब, पुन्हा मोज. घट्ट करायचं असेल तर आधी तारांचा ताण थोडा उतरव. फिरवताना की अडली तर जोर लावू नकोस. अडलेल्या रॉडला तुटायला फार जोर लागत नाही.

नेक मापात आली तरी खरखर राहिली, तर ती कुठे होते ते ऐक. त्याआधी बोट फ्रेटच्या अगदी मागे लागून पडतंय ना ते बघ. दोन फ्रेटच्या मध्यावर दाबलं तर चांगली गिटारही कुरकुरते. फक्त मोकळी तार खरखरते आणि दाबलेली नाही, तर नटची खाच खोल गेली आहे. बाराव्याच्या वर खरखर असेल तर सॅडल ठेंगणं किंवा नेकच्या सांध्याजवळ फ्रेटबोर्डला उंचवटा. एकाच सुरावर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे. त्यासाठी तीन फ्रेटवर टेकेल एवढी छोटी सरळ धातूची पट्टी ठेवून हलवून बघ. डुगडुगली तर मधला फ्रेट उंच. आणि कुठलाही सूर लागला की कुठेतरी काहीतरी थरथरतं, असं असेल तर तारांचा दोष नाही. खुंट्यांचे नट आवळ, तारांची मोकळी टोकं बघ, फळीवर बोटाच्या पेराने टकटक करत फिर. आतली एखादी आधारपट्टी सुटली असेल तर तिथला आवाज फाटका येतो.

तारांची उंची बाराव्या फ्रेटवर मोजायची, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत. सहाव्या तारेला साधारण २.४ आणि पहिलीला, म्हणजे सर्वांत बारीक तारेला, १.६ मिलिमीटर असली की बहुतेकांच्या हाताला ठीक बसते. जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याने थोडी जास्त ठेवावी. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून तिथे जेवढं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावं लागतं. ०.४ उतरवायचे तर सॅडल ०.८ ने घासायचं. घासायचं ते खालून. माथ्याचा आकार तसाच राहू दे. पेन्सिलीची रेघ मार, काचेवर १२० नंबरचा सँडपेपर चिकटव, सॅडल उभं आणि सरळ धरून एकाच दिशेने घास. तळ तिरका झाला तर ब्रिजला पूर्ण टेकत नाही आणि आवाज पातळ होतो. सॅडल हाडाचं असेल तर तोंडाला मास्क बांध. मूळ सॅडल जपून ठेव आणि दुसऱ्यावर काम कर. ब्रिजवर सॅडल जेमतेम दोन मिलिमीटर उरलं असूनही तारा उंचच असतील, तर घासणं थांबव. नेकचा कोन बदलला आहे, ते काम घरी होत नाही.

नट फक्त तपास. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाब आणि पहिल्या फ्रेटवर बोटाने टिचकी मार. केसभर फट आणि बारीकसा ‘टिक’ आवाज हवा. फट मोठी असेल तर पहिल्या फ्रेटवरचे कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) चढे लागतात आणि एफ कॉर्ड धरताना हात मोडतो. नवशिक्यांना ‘आपल्याच बोटांत ताकद नाही’ असं वाटतं ते बऱ्याचदा यामुळे. पण त्या खाचा तारेच्या जाडीच्या खास कानशीने कापतात, आणि एक घास जास्त झाला की नवं नट लागतं. पहिल्यांदा हे काम कारागिराकडूनच करून घे आणि शेजारी उभा राहून बघ.

सफाईचं थोडक्यात. हात धुऊन वाजव, झाल्यावर तारा वरून आणि खालून कोरड्या फडक्याने पूस. घामातल्या क्षारांनीच तारा मरतात. रोझवुड किंवा एबनीच्या पॉलिश नसलेल्या फ्रेटबोर्डला वर्षातून दोनदा फ्रेटबोर्ड ऑइलचे चार-पाच थेंब, पाच मिनिटांनी पूर्ण पुसून. मेपलच्या चकचकीत बोर्डला तेल नको. स्वयंपाकाचं तेल कुठल्याच बोर्डला नको, ते खवट आणि चिकट होतं.

आता कर एवढंच. नव्या तारा लाव, मीटर तपासून पेटीत ठेव, आठवड्याने एका वहीत चार आकडे लिही: आर्द्रता, सातव्या फ्रेटवरची फट, बाराव्या फ्रेटवर सहाव्या आणि पहिल्या तारेची उंची. ते मला कळव, आणि खरखर कोणत्या तारेच्या कोणकोणत्या फ्रेटवर होते तेही. की कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची ते आपण त्यावरून ठरवू.

तुझा,
काका