जुन्या सीएनसी यंत्राची नियंत्रणप्रणाली बदलताना

प्रश्न : देव्हाऱ्यांच्या चौकटींवर नक्षी कोरण्यासाठी मी एक जुने, छोटे सीएनसी राउटर (संगणकाच्या आज्ञेवर कोरणारे यंत्र) वापरतो. ते पॅरलल पोर्ट (जुन्या प्रिंटरसाठीची २५ पिनांची जोडणी) असलेल्या डेस्कटॉपवरून माक-थ्री या सॉफ्टवेअरने चालत असे. यंदाच्या पावसाळ्यात त्या संगणकाचा मदरबोर्ड गेला आणि नव्या लॅपटॉपला तसा पोर्टच नाही. मोटारी व स्क्रू सुस्थितीत आहेत. आता सगळेच बदलावे लागेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सगळे बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटारींना हालचालीचे पल्स (विजेचे ठोके, एका ठोक्याला एक पाऊल) पाठवणारा संगणक तेवढा गेला आहे. ते पल्स घेऊन मोटारींना प्रवाह देणारे ड्रायव्हर चालू असतील, तर त्यांना हात लावण्याचे कारण नाही. मात्र यूएसबीला प्रिंटरचा पॅरलल पोर्ट जोडणारी स्वस्त केबल घेऊ नका. तिच्यातून पल्सची वेळ सांभाळली जात नाही, आणि माक-थ्रीचा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर (हा मात्र सॉफ्टवेअरचा भाग) ६४ बिट विंडोजवर चालतच नाही.

त्याऐवजी जीआरबीएल हे मुक्त सॉफ्टवेअर घातलेला आर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड पुरेसा आहे. पल्स त्या बोर्डावरच तयार होत असल्याने लॅपटॉप क्षणभर अडखळला तरी कोरीवकाम बिघडत नाही. त्याची मर्यादा सेकंदाला सुमारे ३०,००० पल्स आहे. मोटारीच्या एका फेऱ्यास २०० पावले, ड्रायव्हरवर आठपट मायक्रोस्टेपिंग (एका पावलाचे आठ भाग) आणि ५ मिलिमीटर पिचचा (एका फेऱ्यात तेवढे सरकवणारा) स्क्रू असेल, तर एका मिलिमीटरला ३२० पल्स लागतात. म्हणजे मिनिटाला साडेपाच मीटरपर्यंत वेग मिळतो, आणि फणसाच्या किंवा शिवणीच्या लाकडात एवढ्या वेगाने आपण कधी कोरणार नाही.

जुन्या संगणकाची हार्डडिस्क टाकून देऊ नका. माक-थ्रीच्या फोल्डरमधील एक्सएमएल फाइलमध्ये कोणत्या पिनवर कोणत्या अक्षाचा पल्स आणि दिशा आहे, तसेच एका मिलिमीटरला किती पल्स, हे नोंदलेले असते. २५ पिनांच्या जोडणीत १८ ते २५ या पिना ग्राउंडच्या असतात. बाकीची मांडणी बोर्डागणिक बदलते, म्हणून अंदाजाने तारा जोडू नयेत. ड्रायव्हरला वीज असताना मोटारीची तार काढली तर ड्रायव्हर जळू शकतो, हेही लक्षात असू द्या.

जोडणीनंतर मोटार मधूनमधून पाऊल चुकवू लागली, तर आधी पल्सची रुंदी तपासावी. जीआरबीएलमध्ये ती मुळात १० मायक्रोसेकंद असते, आणि काही जुन्या बोर्डांवरील मंद ऑप्टोकपलरना (प्रकाशाच्या साहाय्याने सिग्नल पुढे देणाऱ्या भागांना) ती अपुरी पडते. ‘$०’ या सेटिंगमध्ये ती वाढवता येते. आपल्याकडच्या दमट, खारट हवेत पिनांवर हिरवट थर धरतो, त्यामुळेही अशीच लक्षणे दिसतात. तेव्हा सगळे कनेक्टर एकदा स्वच्छ करून घ्यावेत.

लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला बसवलेले स्विच) नसतील, तर ते याच वेळी बसवावेत. पावसाळ्यात वीज गेली की यंत्र आपली जागा विसरते. होमिंग (त्या स्विचपाशी जाऊन मूळ जागा शोधण्याची सोय) असल्यास अर्धवट राहिलेली नक्षी त्याच बिंदूपासून पुढे नेता येते. आणीबाणीचे बटण मात्र सॉफ्टवेअरवर न सोपवता थेट स्पिंडलची (कोरणारे पाते फिरवणाऱ्या मोटारीची) आणि ड्रायव्हरची वीज तोडणारे असावे.

शेवटी प्रत्येक अक्षाला १०० मिलिमीटर चालवून कॅलिपरने मोजावे. जाताना आणि येताना वेगवेगळा आकडा आला, तर दोष स्क्रूवरील नटाच्या ढिलेपणाचा आहे. माक-थ्री तो ढिलेपणा भरून काढू शकत होते, जीआरबीएल काढत नाही. म्हणून आजवर न जाणवलेली चूक आता नक्षीत दिसू शकते. अशा वेळी सेटिंग बदलत न बसता नटच बदलावा.