फॉक्सप्रोच्या जुन्या कोडवर बसवलंय, नोकरी सोडू का?

अरे, तू म्हणतोस इंदूरमध्ये पहिलीच नोकरी, मित्र सगळे नव्या टेक्नॉलॉजीवर आणि तुझ्या गळ्यात सियागंजच्या होलसेलवाल्यांचं फॉक्सप्रोमधलं (मायक्रोसॉफ्टची जुनी डेटाबेस-प्रोग्रामिंग भाषा) बिलिंग, यात शिकण्यासारखं काय? मी म्हणेन इतक्यात सोडू नकोस. फॉक्सप्रोसाठी नाही हं, त्याचं शेवटचं व्हर्जन 2004 चं, मायक्रोसॉफ्टने सपोर्टही जानेवारी 2015 मध्ये बंद केला, रेझ्युमेवर त्याला कोण विचारतंय. पण समोरचा कोड असा का लिहिलाय हे खोदून काढायची सवय इथेच लागते, कॉलेजात तर कोरी फाइल उघडूनच सुरुवात असते.

अशाच एका बिलिंगमध्ये एक ओळ होती, टोटलला चारने गुणा, राउंड करा, परत चारने भागा. कॉमेंट वगैरे काही नाही. आमच्याकडचा नवा पोरगा म्हणाला काय येडेपणा आहे, उडवतो. म्हटलं थांब भिया, उत्तर काय येतंय ते तर बघ. पाव रुपयात येतंय ना! चार आणे चालायचे तेव्हाचा हिशोब तो. 30 जून 2011 पासून ते नाणं चलनातून गेलं, त्यामुळे नव्या बिलाला ती ओळ नकोच, पण त्याआधीचं बिल परत छापलं की तिच्याशिवाय पैशांचा फरक येणार आणि मुनीमजी फोन करून डोकं खाणार. मग ओळ ठेवली, फक्त तारखेची अट घातली. टॅक्सचंही तसंच, आधी व्हॅट, मग 1 जुलै 2017 ला जीएसटी, दरवेळी कोणीतरी घाईत एक इफ चिकटवलेला.

सगळंच शहाणपणाचं नसतं म्हणा, एकच फंक्शन पाच फायलींत कॉपी-पेस्ट केलेलं सापडेल, तो निव्वळ आळस.

हात लावायच्या आधी आहे तसा कोड गिटमध्ये, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये, टाक, कितीही घाण असो. मग खरी जुनी बिलं घे, मुद्दाम अडचणीची, माल परत आलेली, डिस्काउंटवाली, 31 मार्चची, त्यांचं आउटपुट सेव्ह कर, बदल केलास की तीच परत चालव आणि डिफ, म्हणजे दोन्ही आउटपुटमधला फरक, बघ. जो फरक तू मुद्दाम केलेला नाहीस तो बग.

आणि सगळं पायथॉनमध्ये नव्याने लिहू हा किडा डोक्यातून काढ. नेटस्केप कंपनीने आपला ब्राउझर असाच मुळापासून लिहायला घेतला, व्हर्जन 4 नंतर 5 आलंच नाही, थेट 6 आलं ते 2000 च्या नोव्हेंबरात, तोवर मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ब्राउझरने मार्केट खाल्लं होतं.

हां, मालक गिटही लावू देत नसेल आणि तपासायला वेळच देत नसेल तर मात्र खुशाल सोड, तिथे नुसती ठिगळं लावत बसशील.