पेशी चांगल्या असूनही कलम का टिकत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे: क्षाराने भाजलेल्या डोळ्यावर दुसऱ्या, निरोगी डोळ्यातल्या मूलपेशी (नव्या पेशी तयार करत राहणाऱ्या पेशी) वाढवून लावल्या, तरी काहींच्या त्या रुजत नाहीत. यात ‘ऊती कडक होणं’ याचा काय संबंध?

आधी हे मान्य करू की पेशींचा दर्जा फार महत्त्वाचा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ११२ रुग्णांच्या इटालियन अभ्यासात, मूलपेशींची खूण मानलं जाणारं पी६३ हे प्रथिन ठळक दिसणाऱ्या पेशी ३ टक्क्यांहून जास्त होत्या तिथे ७८ टक्के रुग्णांना यश आलं; त्याहून कमी होत्या तिथे फक्त ११ टक्क्यांना. पण चांगल्या पेशी मिळूनही उरलेल्यांचं काय झालं? माझं लक्ष तिथे जातं.

कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे मिळतात तो कडेचा पट्टा म्हणजे लिंबस. मूलपेशींचा साठा तिथे असतो. मधल्या कॉर्नियात कोलॅजन या प्रथिनाचे तंतू नेटके, घट्ट बसवलेले असतात. लिंबसमधली रचना सैल आणि मऊ. पेशी बूड टेकते त्या पृष्ठभागाला धरून सतत ओढत असते. तो लवचीक असेल तर ओढ सहज जिरते. कडक असेल तर पेशीच्या आतले ॲक्टिनचे तंतू ताणले जातात, पेशी पसरते आणि याप नावाचं प्रथिन केंद्रकात शिरून तिथली जनुकं चालू-बंद करतं. लिंबसच्या मूलपेशी अशा वेळी मूलपेशी राहत नाहीत, साध्या कॉर्नियाच्या पेशी होऊ लागतात. त्या काही काळ पृष्ठभाग झाकतील, पण पुढचा साठा संपतो. (प्रयोगशाळेतली प्लॅस्टिकची बशी तर डोळ्याच्या ऊतीपेक्षा हजारो पट कडक असते. पेशी कशावर वाढवल्या हे म्हणूनच मी आवर्जून विचारतो.)

भाजल्यावर व्रण धरतो आणि लिंबस कडक होतो. न्यूकॅसल विद्यापीठाच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की कोलॅजनेज या, कोलॅजन तोडणाऱ्या विकराची (एन्झाइमची) मोजकी मात्रा देऊन भाजलेला लिंबस पुन्हा मऊ करता येतो आणि मग तो मूलपेशींना पुन्हा आधार देतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं. पण हा रूढ उपचार नाही. मात्रा चुकली तर हाच विकर कॉर्निया विरघळवू शकतो, त्यामुळे ‘मऊ करणारे थेंब’ कुणी सुचवले तर कृपया घेऊ नका.

सगळं खापर कडकपणावर फोडणंही बरोबर नाही. धुमसणारी सूज, कोरडे डोळे, नीट न मिटणाऱ्या पापण्या यांनीही कलम जातं, आणि यांवर आज उपाय आहेत. तेव्हा पुन्हा कलम करायचं ठरलं, तर सूज पूर्ण निवली आहे का, अश्रू पुरेसे आहेत का आणि पापण्या आधी दुरुस्त करायला हव्यात का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.