अ‍ॅम्फोटेरिसिन चालू असूनही म्युकर (काळी बुरशी) पसरतोय, आता औषध बदलायचं का?

तुम्ही लिहिलंय, काकांना दहा दिवस अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं इंजेक्शन चालू आहे, सायनसचं एक ऑपरेशन झालं, तरी डोळ्याची सूज वाढतेय. औषध बदलायला सांगू का, असं तुम्ही विचारताय.

मी कान-नाक-घशाचा सर्जन आहे. काकांना मी तपासलेलं नाही, निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण तुमच्या जागी मी आधी विचारलं असतं, दुसरं ऑपरेशन कधी?

ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या तुंबवते. पुढचा भाग मरतो, काळा पडतो. शिरेतलं औषध रक्ताबरोबर जाणार. जिथे रक्तच जात नाही तिथे ते पोचणार कसं? २०२१ च्या मे-जूनमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रोज हेच बघत होतो. टाळूचं हाड कापावं तर वाळल्या खोबऱ्यासारखं कोरडं, थेंबभर रक्त नाही. रक्त ठिबकणारा भाग लागेपर्यंत काढत जायचं. एका पेशंटला तीनदा टेबलावर घेतलं. तिसऱ्यांदा नातेवाईक सही करेनात. इंजेक्शनांसाठी गावोगाव फिरून बिचारे थकले होते. औषध तेच ठेवलं, आणि त्यानंतर सूज उतरली.

तेव्हा आधी एमआरआय पुन्हा. साखर आटोक्यात आहे का, रक्तात आम्ल वाढलंय का, तेही बघा. आम्ल वाढलं की बुरशीला लोह आयतं मिळतं. डोसही विचारा. लायपोसोमल प्रकार (औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेलं) किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० मिलिग्रॅमच्या सहा व्हायल. मेंदूत शिरला असेल तर याहून जास्त. क्रिएटिनिन (किडनीवर ताण आल्याचं दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं की डोस गुपचूप कमी होतो, तिथेच घात होतो. (मधुमेह असून ग्लुकोजच्या बाटलीतून का देतात म्हणून भांडू नका, सलाईनमध्ये हे औषध फाटतं.)

बायोप्सीचा रिपोर्टही पुन्हा वाचून घ्या. अ‍ॅस्परजिलस ही दुसरी बुरशी निघाली तर व्होरिकोनॅझोल हे औषध लागतं, जे म्युकरवर अजिबात चालत नाही.

हे सगळं ठीक असूनही पसरत असेल, किंवा किडनी साथ देत नसेल, तर पोसाकोनॅझोल किंवा इसावुकोनॅझोल. दोन्ही शिरेतून आणि तोंडाने मिळतात. पोसाकोनॅझोलची गोळी जेवणाबरोबर द्यायची, पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा, मग रोज एकदा. किडनी नाजूक असेल तर मी इसावुकोनॅझोलकडे झुकतो. अ‍ॅम्फोटेरिसिनला यांची जोड देतात, पण त्यामागचा पुरावा तोकडा आहे.

आणि नेत्रतज्ज्ञांना आजच बोलवा. काकांना त्या डोळ्याने बोटं मोजता येतात का, बुबुळ चारी बाजूंना फिरतं का, हे लिहून ठेवायला सांगा. डोळा ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न आला तर त्याच नोंदी लागतील.