पफ लावला की एफपीजीएचं डिझाइन कॉपी होणारच नाही का?

प्रश्न: आमचं प्रॉडक्ट एफपीजीएवर, म्हणजे आतलं सर्किट नंतर हवं तसं बसवता येणाऱ्या चिपवर चालतं. कोणी बिटस्ट्रीम (त्या सर्किटची चिपमध्ये लोड होणारी फाइल) कॉपी करून तसाच बोर्ड काढू नये म्हणून तो एन्क्रिप्ट करायचाय, पण की (एन्क्रिप्शनची गुप्त किल्ली) ठेवायची कुठे यावर अडलंय. ई-फ्यूज (चिपमध्ये एकदाच कायमचे लिहायचे बिट) आणि बॅटरीवाली रॅम माहीत आहे. टीममधला एक जण म्हणतो पफ (PUF, फिजिकली अनक्लोनेबल फंक्शन) वापरा, चिप क्लोनच होत नाही. खरंय का? आणि पफ आपणच व्हेरिलॉगमध्ये (सर्किट लिहायच्या भाषेत) लिहिला तर?

उत्तर: अर्धं खरंय. एकाच मास्कने (चिप छापायच्या साच्याने) बनलेल्या दोन चिपांतही ट्रान्झिस्टरच्या डिलेमध्ये बारीक फरक राहतोच, फॅक्टरीलाही तो ठरवून परत आणता येत नाही, आणि पफ म्हणजे तोच फरक मोजून त्यातून की काढायची. पॉवर गेली की कीपण गेली, बंद चिप उघडून वाचायला काही उरत नाही, इथे तो ई-फ्यूजपेक्षा सरस.

पण स्वतः लिहिणं वाटतं तेवढं सोपं नाही हो. रिंग ऑसिलेटरचंच घ्या, विषम संख्येचे इन्व्हर्टर (0 चा 1 आणि 1 चा 0 करणारे गेट) गोल जोडायचे, असे दोन ऑसिलेटर ठरावीक वेळ चालवायचे आणि ज्याचा काउंट जास्त त्यावरून एक बिट. आधी तर सिंथेसिस टूल (कोडचं सर्किट बनवणारं सॉफ्टवेअर) तुमचे इन्व्हर्टर फालतू समजून उडवतं, ते ‘हे काढू नको’ सांगणारं कीप ॲट्रिब्यूट लावून वाचवलेत आणि दोन्ही ऑसिलेटरांचं राउटिंग (आतली जोडणी) वेगळं पडलं तर जवळपास प्रत्येक चिपवर तोच ऑसिलेटर जिंकतो, म्हणजे चिप राहिली बाजूला आणि तुम्ही स्वतःचा लेआउट मोजत बसलात. प्लेसमेंट-राउटिंग लॉक करून दोन्ही सेम टू सेम ठेवावेच लागतात. वर तापमान-व्होल्टेज हललं की काही बिट पलटतात, आणि कीचा एक बिट जरी चुकला तरी डिक्रिप्शन गंडतं, त्यामुळे एरर करेक्शन आणि त्याचा हेल्पर डेटा (दुरुस्तीसाठी साठवायची जास्तीची माहिती) आलाच. खरी मेहनत तिथेच आहे.

आणि मुख्य घोळ म्हणजे तुमचा पफ बिटस्ट्रीममध्येच बसणार, मग तोच बिटस्ट्रीम डिक्रिप्ट करायला लागणारी की पफ कुठून देणार, तो तर बिटस्ट्रीम लोड झाल्यावरच चालू होतो? आधी एक एन्क्रिप्ट न केलेला बिटस्ट्रीम लोड करावा लागेल आणि त्यात कोणीही फेरफार करून की बाहेर काढू शकेल. म्हणून सिलिकॉनमध्येच पफ असलेली चिप बघा. झायलिंक्सच्या झिंक अल्ट्रास्केल प्लस (Zynq UltraScale+) चिपमध्ये आहे, मायक्रोचिप कंपनीच्या पोलरफायरमध्येपण आहे. झिंकमध्ये पफच्या कीने तुमची की एन्क्रिप्ट होते, मग ती फ्लॅशमधल्या बूट हेडरमध्ये (चिप सुरू होताना आधी वाचते त्या भागात) ठेवली तरी चालतं.

आता उरलेलं अर्धं. 2020 मध्ये स्टारब्लीड नावाचा हल्ला समोर आला, झायलिंक्सच्या 7-सिरीज चिपांवर. त्यात की कोणी चोरलीच नाही, एन्क्रिप्टेड बिटस्ट्रीममध्ये छेडछाड करून चिपकडूनच तो डिक्रिप्ट करून घेतला. तिथे पफ असता तरी काही फरक पडला नसता, कारण की कुठे राहते एवढंच पफ बघतो. त्यामुळे डेटाशीटमध्ये पफ दिसला म्हणून लगेच चिप फायनल करू नका, डिक्रिप्ट करायच्या आधी ऑथेंटिकेशन होतं का आणि जेटॅग (चिप तपासायचा डीबग पोर्ट) कायमचा बंद करता येतो का, हे व्हेंडरला आधी विचारा.