परराष्ट्र सेवेत जायचंय, पण मन कचरतंय

राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षात आहेस, परराष्ट्र सेवेत जायचं शाळेपासून ठरलेलं आहे, आणि आता युद्धाच्या बातम्या वाचून पाय मागे येतोय. ‘सरकार चुकत असलं तरी त्याचीच बाजू मांडायची, हे मला जमेल का?’ असं तू विचारतेस. वडील म्हणतात, मन एवढं हळवं असेल तर दुसरं क्षेत्र बघ.

त्यांची काळजी समजते, सल्ला मात्र पटत नाही. ज्याला हा प्रश्नच पडत नाही, अशा माणसाच्या हाती परराष्ट्र धोरण असण्याची मला जास्त भीती वाटते.

बाजू मांडावी लागते, हे खरं. पण मुत्सद्द्याचं निम्मं काम कळवण्याचं असतं. नेमणूक असेल तिथे काय घडतंय, ते आपल्या राजधानीला न लपवता कळवायचं. १९७१ मध्ये आर्चर ब्लड ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात (आजच्या बांगलादेशात), अमेरिकेचे कॉन्सुल जनरल, तिथल्या वकिलातीचे प्रमुख होते. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली. ब्लड तारा पाठवत राहिले, वॉशिंग्टनने जाहीर निषेध केला नाही. ६ एप्रिलला २० अमेरिकी अधिकाऱ्यांच्या नावानिशी तार गेली: हे धोरण आम्हाला मान्य नाही. ब्लड यांनी तिला आपला पाठिंबा जोडला. धोरण बदललं नाही, ब्लड यांना मात्र ढाक्यातून हलवलं गेलं.

वॉशिंग्टन गप्प का होतं, तेही बघ. पाकिस्तानच्या मध्यस्थीने चीनशी बोलणी जुळत होती. जुलैमध्ये अमेरिकी अध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानातूनच गुपचूप बीजिंगला गेले. दोन मोठ्या देशांचं वैर निवळणं ही काही लहान गोष्ट नाही. तुझ्या टेबलावर येणारे पेच असेच असतील: एका पारड्यात आज मरणारी माणसं, दुसऱ्यात उद्या टळू शकणारं युद्ध. माझ्या मते तेव्हाचा निर्णय चुकला. पण तो चुकला असं म्हणताना दुसरं पारडं रिकामं होतं, असं मी म्हणणार नाही.

या कामात एकेका शब्दाला वजन असतं. १९९४ मध्ये रवांडात कत्तल चालू असताना अमेरिकेच्या प्रवक्त्या ‘वंशसंहाराची कृत्यं’ म्हणायच्या, सरळ ‘वंशसंहार’ म्हणणं टाळायच्या. वंशसंहाराविरुद्धच्या १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे त्या एका शब्दाने तो रोखण्याची जबाबदारी अंगावर येईल, ही धास्ती होती.

आणि रस्ता एकच नाही. रेड क्रॉसचे प्रतिनिधी युद्धकैद्यांना तुरुंगात जाऊन भेटतात, पण पाहिलेलं सहसा जाहीर करत नाहीत. संबंधित सरकारलाच सांगतात, कारण बोभाटा झाला तर पुढच्या वेळी दार उघडणार नाही. १९७१ मध्येच स्थापन झालेली ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ मात्र उपचारही करते आणि पाहिलेलं जगाला सांगतेही. दोन्हींत प्रामाणिक माणसं आहेत. तुझा जीव कशात जास्त घुसमटेल, गप्प राहण्यात की दार बंद होण्यात? याचं उत्तर अर्ज भरण्याआधी शोध.

पुढच्या शिक्षणात आंतरराष्ट्रीय कायदा जरूर घे. २००३ मध्ये ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातल्या कायदा सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी इराकवरचा हल्ला बेकायदा ठरतो म्हणून राजीनामा दिला. त्यांच्या मताला किंमत होती ती अभ्यासामुळे. सोबत फ्रेंच किंवा अरबी शीक. दोन्ही संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा आहेत.

ढाक्याची ती तार आता खुली आहे आणि छोटीशीच आहे. आधी ती वाच. मग वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून तिला एका पानाचं उत्तर लिही, अगदी मनापासून, धोरणाची बाजू घेऊन. दुसऱ्या दिवशी त्याच उत्तराला ब्लड यांच्या बाजूने खोडून काढ. दोन्ही पानं वडिलांना वाचून दाखव आणि मग मला लिही.